बालाजीचे लाल छर्रे

क्लबच्या कोच वैशाली मॅडमनी टार्गेटचा कागद माझ्यापुढे धरला. काळ्या गोलाच्या भोवती सगळीकडे भोकं होती, गोलात मात्र एखाद-दुसरंच.

"मेजर, पोरगी ढिली पडलीय. महिनाभर हेच चालू हाय. विभागाच्या स्पर्धेला क्लबकडून एकच नाव द्यायचंय. मी सायलीच्या जागी दुसरीचं नाव देते. तिची स्वतःची रायफल हाय, छर्रे बी स्वतःचे, तिचे नेम बरे लागायलेत."

सायली मागेच उभी होती, अंगात ते जाड शूटिंग जॅकेट. पालमहून एसटीने येणारी मुलगी. क्लबच्या रायफलवर शिकलेली, स्वतःची घ्यायची ऐपत नाही. ती रडत नव्हती, पण जॅकेटची बक्कल पुन्हा पुन्हा काढत-लावत होती.

"मॅडम, माझं चुकत न्हाई," ती म्हणाली. "मी तसंच धरायलेय, जसं आधी धरत होते."

मी म्हणालो, "नाव रविवारी द्या. तोवर रायफल माझ्याकडे."

मी पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे बंदुका उघडणारा, साफ करणारा, बिघडल्या तर दुरुस्त करणारा. पोलिसात हवालदाराला मेजर म्हणतात; निवृत्त झालो तरी लोक मला मेजरच म्हणतात. परभणीतल्या ह्या रायफल क्लबच्या एअर रायफली मीच बघतो. एअर रायफलमध्ये दारू नसते. दाबलेली हवा शिशाचा छोटा छर्रा ढकलते, बस. पण नळी तीच, आतल्या पिळदार खाचा त्याच. त्या खाचांमुळे छर्रा भिरभिरत सरळ जातो. खाचा भरल्या की तो वाट्टेल तिकडे जातो.

रायफल हातात घेतली तेव्हाच माझ्या मनात एक नाव आलं होतं. बालाजी.

बालाजी माझा बॅचमेट. एकाच दिवशी भरती झालो. तो गाड्यांच्या सेक्शनला गेला, मी शस्त्रागारात. परेडला माझे बूट जास्त चमकायचे, पण साहेबांची शाबासकी त्याला. त्याने लवकर नोकरी सोडली आणि एमआयडीसीत पावडर कोटिंगचा कारखाना टाकला. गेट, ग्रिल, खुर्च्या. रंगाची कोरडी पावडर लोखंडावर उडवायची, ती चिकटते, मग भट्टीत भाजायचं की वितळून कडक थर बसतो. धंदा जोरात चालला. आता त्याच्याकडे काचेची केबिन आहे, आणि माझ्याकडे व्हरांड्यातलं टेबल.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही म्हणालो नसतो. पण गेल्या उन्हाळ्यात तो क्लबमध्ये घुसला. बाजारचे छर्रे हाताळून पोरांचे हात काळे होतात, पालक तक्रार करतात, हे त्याने ऐकलं. साच्यात शिसं ओतून त्याने सरावाचे छर्रे केले, त्यांना लाल पावडर कोट मारला आणि डबे भरून आणून दिले. हात स्वच्छ राहिले, पालक खूश झाले. मॅडम तर येईल त्याला तो डबा दाखवायच्या. इतकी वर्षं मी त्या नळ्या साफ करतोय, माझं साफसफाईचं सामान कुणाला दाखवलेलं मला आठवत नाही. मला जळफळाट व्हायचा. होतो.

असो. काम सांगतो.

पहिलं काम, मुलीला बाजूला करायचं. रायफल बेंचवाइसमध्ये लाकडी गुटके लावून घट्ट आवळली आणि मॅडमना म्हणालो, तुम्हीच ट्रिगर दाबा. कुणाचा हात थरथरायचा प्रश्नच नाही. तरी भोकं चारी दिशांना.

"म्हणजे सायलीचं काही नाही," मॅडम हळूच म्हणाल्या.

"सायलीचं काहीच नाही. पण रायफल सुधारल्याशिवाय तिचे नेम लागायचे नाहीत."

मग नेम धरायच्या साइटचे स्क्रू तपासले. घट्ट होते. हवेचा दाब बघितला. ठीक. राहिली नळी. नळी साफ करायला फेल्टची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, छोटी गुंडाळी आतून ओढतात. नेहमी ती राखाडी निघते, शिशामुळे. ह्या वेळी निघाली ती लालभडक आणि चिकट.

खोटं कशाला सांगू, मला पगारवाढ झाल्यासारखं वाटलं. ती फेल्ट मी कागदात घडी करून खिशात ठेवली. घरी बायकोला पण दाखवली. ती म्हणाली, "कुणाचं लगीन लागल्यावानी काय हसायलाव?"

दुसऱ्या दिवशी रंग विरघळवणारं सॉल्व्हंट आणि नायलॉनचा ब्रश घेऊन बसलो. रंग खाचांच्या तळाशी बसला होता, नळीच्या तोंडाकडे जास्त. दुपार गेली. शेवटी फेल्ट पांढरी निघाली. सायलीला बोलावलं, बाजारचे थोडे छर्रे दिले. तिने झाडले ते सगळे छर्रे काळ्या गोलात, एकमेकांना चिकटून. पोरीने रायफल खाली ठेवली आणि पहिल्यांदा नीट श्वास घेतला. मग मी मुद्दाम लाल छर्ऱ्यांचा नवा डबा दिला. निम्मा डबा संपेपर्यंत भोकं परत पांगायला लागली.

"मॅडम, हे डबे फेकून द्या," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.

त्यांनी कपाळाला आठी घातली. "फेकू. पण बाजारचे छर्रे स्पर्धेपुरतेच उरलेत, पुण्याहून यायला वेळ लागतो. सराव कशावर करायचा? आणि मेजर, उन्हाळाभर पोरांनी हेच लाल छर्रे वापरले की. तवा नळी का न्हाई भरली?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नव्हता, कारण मला बालाजी हवा होता आणि तो सापडला होता.

कपाटाच्या मागे उन्हाळ्यातला एक डबा शिल्लक होता. नेलपॉलिश काढायचं असतं त्या ॲसिटोनमध्ये फडकं बुडवलं आणि दोन्ही डब्यांतले छर्रे चोळले. उन्हाळ्यातल्या छर्ऱ्यांनी फडक्याला रंग दिला नाही. नव्यांनी फडकं लाल केलं. हातोडीने चेपून बघितले. जुन्यांचा थर शिशाबरोबर दबला, नव्यांचा पापुद्रा सुटला. म्हणजे रंगाचा दोष नव्हता. नवे छर्रे कच्चे भाजले होते. कच्चा रंग नळीत घासून लागत होता.

इथे थांबता आलं असतं. मॅडमना ॲसिटोन वगैरे सांगायची गरज नव्हती, डबे फेकायला त्या तयारच होत्या. पण सायली सरावाशिवाय स्पर्धेला गेली असती, आणि त्या दुसऱ्या मुलीचं नाव अजून मॅडमच्या ओठांवरच होतं. शिव्या देत स्कूटरला किक मारली आणि एमआयडीसीत गेलो.

"अरे शिवा! ये की, ये. चहा सांगतो," बालाजी केबिनमधून बाहेर आला. कडाक्याची थंडी होती, आणि ह्याच्या अंगावर नवं कोरं जॅकेट.

"चहा नको. छर्रे कसे भाजतोस ते दाखव."

"त्यात काय दाखवायचं? गेटं निघाली की भट्टी बंद करायची अन् मग छर्ऱ्यांचा ट्रे आत सरकवायचा. भट्टी लय तापल्याली असती. ती ऊब वाया कशाला घालायची? आमची माय भाकरी झाल्यावर चुलीच्या आरात वांगं ठेवायची, तसंच."

मी भट्टीकडे बघितलं, मग शेडच्या पत्र्याकडे. कामगारांना ऊन मिळावं म्हणून समोरचं शटर उघडं होतं आणि गार वारा सरळ आत येत होता.

"मे महिन्यात पण असंच करायचास?"

"असंच."

"बालाजी, मे महिन्यात परभणीत तुझं शेडच भट्टी असतं. बंद केलेली भट्टी तासन्‌तास तापलेली राहते. आता पत्रा बर्फासारखा गार हाय. ट्रे आत जातो तवाच भट्टी निवायला लागती. रंग वितळतो, चमकतो, पण पुरा भाजत न्हाई."

तापमान बघायचं यंत्र त्याच्याकडेच होतं. गेटांसाठी रोज वापरायचा, छर्ऱ्यांसाठी कधीच नाही. लावून बघितलं. रंग पक्का व्हायच्या आधीच काटा घसरला.

आता हा खजील होईल, मी वाट बघत होतो. माझ्या हातून हे झालं असतं तर मी महिनाभर क्लबचं तोंड बघितलं नसतं. हा पठ्ठ्या पोट धरून हसला. सगळ्या कामगारांना हाक मारली. "इकडं या रे! म्यां वांगं समजून छर्रे भाजले!" मग मॅडमना तिथूनच फोन लावला. "चूक माझीच हाय, मॅडम. पोरीची न्हाई, रायफलीची न्हाई. आज भट्टी फक्त तिच्यासाठी पेटवायलोय."

ते वाक्य मला सुचायला हवं होतं.

त्याने शटर ओढलं, भट्टी चालू ठेवून छर्रे पुरते भाजले. मी फडकं चोळलं, हातोडी मारली, नळी पुन्हा साफ केली. रविवारी मॅडमनी सायलीचंच नाव दिलं. विभागात ती निवडली गेली, आता राज्याला जाणार आहे.

क्लबमध्ये छोटा सत्कार झाला. पेढे बालाजीने आणले. शाल बालाजीला. सायली माइकसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बालाजीकाकांनी माझ्यासाठी भट्टी पेटवली. स्वतःची चूक सगळ्यांसमोर सांगितली. असं कोण करतं?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिला माझी आठवण झाली. "आणि मेजरकाकांनी रायफल पुसून दिली."

पुसून दिली.

माझ्या धंद्यातला अनुभव एवढाच सांगतो. बिघाड शोधून दिला की नाव होतं ते बिघडवणाऱ्याचं, कारण शेवटी वस्तू चांगली करून तोच देतो. त्याचे लाल छर्रे आता शेजारच्या जिल्ह्यातले क्लबही मागवतात. प्रत्येक घाण्याला तो ॲसिटोनचं फडकं चोळून बघतो. ते त्याला मीच शिकवलं.

आता दर आठवड्याला मी सायलीच्या रायफलीतून फेल्ट ओढतो. ती पांढरी निघते. मॅडम म्हणतात, "झालं ना, मेजर?" मी म्हणतो, झालं. त्या गेल्या की फेल्ट खिडकीशी नेतो आणि उजेडात पुन्हा एकदा बघतो, कुठे थोडंसं लाल दिसतंय का.