माझ्याआधी खोली बघून गेलेली बाई

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. शाळेत मुलांना विज्ञान शिकवायचे मी! पण हे दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही, माझ्याच बाबतीत घडलंय... म्हणून लिहितेय.

गोवा राज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी ह्यांची पणजीला बदली झाली. आम्ही मालवणजवळ कट्ट्याला राहायचो. बिऱ्हाड हलवण्याआधी शहर नीट बघून घेऊ म्हणून चार वर्षांच्या मीनूला सासूबाईंकडे ठेवलं आणि एका शनिवारी आम्ही दोघंच निघालो. मांडवीवरचा पूल पडलेला, त्यामुळे बेतीहून फेरीबोटीने पलीकडे. मार्केट, बालवाडी, नळाला पाणी कधी येतं — सगळी चौकशी केली. दुपारी आल्तिनो टेकडीच्या उतारावरची एक खोली बघायला गेलो.

घरमालकीण क्लाराबाई दारात आल्या आणि मला बघून म्हणाल्या, "परत आयलें गो तूं?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

हे हसले. "ह्या आजच पयल्यांदा इला हंय."

"ना, ना! सोमारा आयिल्लें. हांगा बसलें, उदक पियेलें. हॉस्पिटल कितलें पयस म्हणून तीनदां विचारलें."

सोमवारी मी दिवसभर कट्ट्याच्या शाळेत होते, मस्टरवर सही होती माझी! पण क्लाराबाईंनी माझ्या हनुवटीवरच्या भाजल्याच्या डागाकडे बोट केलं — "हीच खूण."

"दुसरी खोली बघूया," हे बाहेर येऊन म्हणाले. का कोण जाणे, ह्याच खोलीचा हट्ट मीच धरला. हॉस्पिटल खरंच जवळ होतं, चालत सात-आठ मिनिटं.

जूनमध्ये राहायला आलो. गणपतीच्या आधी एका सकाळी मीनूला धाप लागली. बघता बघता ओठ निळे पडले. ह्यांनी तिला उचललं आणि उतारावरून धावत सुटले... डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हातात काही उरलं नसतं. कट्ट्याला असतो तर किती वेळ लागला असता, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मीनू घरी आली तेव्हा क्लाराबाई पेज घेऊन आल्या. तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

"आतां सांगतां. त्या सोमारा हांवें विचारिल्लें, भुरगीं कितलीं तुका? तूं रडूंक लागलें."

"मुलं किती, म्हणून? आणि काय म्हटलं मी?"

त्यांनी आत मीनूकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तुवें म्हळें — एक चेडू होतां."

एक मुलगी होती... होती!

आज मीनू दोन मुलांची आई आहे. हे म्हणतात, म्हाताऱ्या क्लाराबाईंचा काहीतरी घोटाळा झाला असेल. असेलही. माझ्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही. पण अधूनमधून जीव कासावीस होतो... ती बाई आमच्यासाठी खोली बघून नंतर कुठे गेली असेल?