आक्काच्या अंगठ्यावरच्या रेघा

आमच्या गल्लीतली आक्का कुकरच्या शिट्टीला भ्यायची. शिट्टी वाजली की मांडीवरचं सूप धरून दचकायची, पण बिडी वळणारी बोटं काही थांबायची नाहीत. पोलीस, कानडीत बोलणारे साहेब, गल्लीतली मरतुकडी कुत्री, सगळ्यांना ती सारखीच भ्यायची. आम्ही हसलो की म्हणायची, "हसा. भिणारा माणूस जपून चालतोय."

निपाणीतल्या आमच्या बिडी कारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा मात्र तिच्याबरोबर आम्हीही भ्यालो. नवऱ्याच्या माघारी आक्कानं बिड्यांवरच आपली चूल पेटती ठेवली होती. सदलग्याचा भाऊ बोलवायचा, नाही असं नाही. पण "भावजयीचं ताट सणाला गोड लागतंय, रोज न्हाय," हे तिचं ठरलेलं उत्तर. काम गेलं म्हणजे आता सदलगा, एवढंच तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

मग सरकारची योजना आली. काम गेलेल्या बायकांना शिवणकाम शिकवायचं, शेवटी शिकण्याच्या दिवसांचा भत्ता आणि अनुदानातून शिलाई मशीन. मी नाव घातलं आणि तिलाही ओढून नेलं. सुईला ती अजिबात भ्याली नाही, टीपही लवकरच सरळ घालायला लागली. भीती दाराशीच बसली होती. हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवायचा, हिरवा दिवा लागला तर तुम्ही हजर. आक्कानं अंगठा ठेवला की लाल.

जन्मभर पानं कातरून, तंबाखू चोळून बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. मी तिचा अंगठा उजेडात धरला. वाटाण्यासारखा गुळगुळीत. पटकन स्वतःचा बघितला. पुसट का होईना, माझ्या होत्या.

शिकवणारे सर भले माणूस. "आक्का, स्वल्प जोरानं दाबा," असं अर्ध्या कानडीत म्हणायचे आणि शेवटी हजेरी कागदावर लिहून घ्यायचे. पण भत्ता आणि मशीन मिळायच्या आधी वरचे साहेब येऊन अंगठा घेणार, तो लागलाच पाहिजे, असं त्यांनी बजावलं. "थोडे दिवस बिडी सोडा. रेघा परत येतात."

सोडा म्हणणं सोपं. संध्याकाळी एका ठेकेदाराच्या बिड्या वळूनच तर ती पोट भरत होती. तरी सोडल्या. हाताला साय चोळायची, भांडी घासताना प्लास्टिकच्या पिशव्या बांधायची. जेवायला आमच्याकडं यायची, तीही पदरात मूठभर पीठ घेऊन. आणि रोज सकाळी दारात उभी. "मंगल, बघ गं, आल्यात का?" खरं सांगायची मला भीती वाटायची. "येतील," एवढंच मी म्हणायची.

साहेब आले त्या दिवशी तिनं मला पुढं ढकललं. माझा दिवा हिरवा लागला, पण मागं वळून बघायचं धाडस होईना. सरांनी काच पुसली, तिचा हात फडक्यानं कोरडा केला, एकेक करून सगळी बोटं लावून बघितली. लाल, लाल, लाल.

"दुसऱ्या कुणाचं आधार आणलंय का?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

आक्का एवढी भ्याली, एवढी भ्याली, की "व्हय साहेब," म्हणून गेली.

आम्ही सगळ्याजणी ओरडलो, सरांनी हात जोडले. पण साहेबांच्या कानात ते 'व्हय' गेलं होतं. बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "असं कसं म्हणालीस?"

"साहेबाला न्हाय म्हणायचं भ्या वाटलं गं," ती म्हणाली. हात अजून पदराखाली लपवलेले होते.

पुढच्या बाजारादिवशी ती सदलग्याला गेली. जाताना बिड्या वळायचं सूप माझ्या दारात ठेवून गेली. माझ्या घरी मशीन आली, गल्लीतली ब्लाउजं येऊ लागली. अजूनही रेशनच्या दुकानात अंगठा ठेवते तेव्हा दिवा लागेपर्यंत मी डोळे मिटून घेते. ही भीती आक्काचीच, मला चिकटलेली.

परवा टीप घालत होते, तर तिचा फोन आला. इतक्या वर्षांत तिचा एवढा मोकळा आवाज मी ऐकला नव्हता.

"मंगल, रेघा आल्यात गं! भाच्यानं मोबाइलवर मोठ्या करून दावल्या. अंगठ्याला बी हाईत. आता त्या साहेबाला सांगशील का, ती मीच हाय म्हणून?"

मी मशीनचं चाक हातानं थांबवलं. योजना कधीच बंद झाली होती. तिकडं आक्का उत्तराची वाट बघत होती, आणि तिला न भिता बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.