गुरुवारीच निघायचं

त्या थंडीत आमच्या घरात एकच विषय चालला होता, वाळवंटातलं ते शहर. खरं म्हणजे ते शहर नव्हतंच. तेल काढणाऱ्या एका कंपनीची छावणी होती, अबू धाबीच्याही पलीकडे, आत वाळूत. पण जाऊन आलेली माणसं तिला शहर म्हणायची आणि दुबईच्या देरा भागातले आपले कारकून चेष्टेने कॅसिनो म्हणायचे. रात्रभर विजेचे दिवे, नळ फिरवला की गोडं पाणी, हवा तेवढा बर्फ, उघड्यावर सिनेमा. साहेबांचा क्लब वेगळा, आपल्या लोकांचा हॉल वेगळा, आणि जुगार दोन्हीकडे. पत्ते तर होतेच, शिवाय हँडल ओढलं की फळांची चित्रं गरगर फिरतात असलं एक मशीनही होतं म्हणे. मला जुगारात रस नव्हता. मला त्या गोड्या पाण्यात होता. आमच्याकडे पाणी यायचं ते गाढवाच्या पाठीवरून, रॉकेलच्या डब्यांतून, आणि चहालासुद्धा त्याचा वास यायचा.

साठीच्या दशकातली ही गोष्ट. मी दुबईला आले ती नवऱ्याच्या शब्दावर आले. मुलगी तीन वर्षांची होती. तिला सध्या सासूसासऱ्यांकडे गावी ठेव, इथे वेगळी खोली घेतली की सहा महिन्यांत तिला आणू, असं त्याने लिहिलं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावातून मी निघाले तेव्हा ती झोपलेली होती. उठली तर रडेल म्हणून सासूबाईंनी मला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही. सहा महिने झाले, वर्ष झालं, दुसरंही सरत आलं. आम्ही अजून त्याच वाटून घेतलेल्या खोलीत होतो. मधे गोणपाटाचा पडदा, पडद्याच्या पलीकडे श्रीवर्धनकडचं एक जोडपं. मी मुलीचा विषय काढला की नवरा म्हणायचा, पुढच्या बोटीने आणू. बोटी येत होत्या आणि जात होत्या.

मी त्याला तोंडावर ‘तुम्ही’ म्हणायची आणि मनात ‘तो’ म्हणायची. इथेही ‘तो’च लिहिते, आता कोण रागावणार आहे.

तो एका पेढीत माल उतरवून घेण्याच्या कामावर होता. तेव्हा बोट काही धक्क्याला लागत नसे. ती लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माल छोट्या पडावांतून खाडीत यायचा. त्यामुळे कधी कधी गुरुवारी दुपारी गेलेला नवरा शनिवारी सकाळी यायचा. बोटीवर ड्यूटी होती म्हणायचा. डोळे लाल, अंगावर धूळ. समुद्रावरून आलेल्या माणसाच्या अंगावर मीठ असतं, धूळ कुठून आली, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण बायको नवऱ्याचे कपडे धुताना विचार कमी करते आणि आपटते जास्त.

तर बेत असा ठरला. पडद्यापलीकडच्या भाभीचा नवरा एका ठेकेदाराकडे लँड रोव्हर चालवायचा. सामान पोचवायला त्याला छावणीत जायचंच होतं. छावणीतला मुख्य बावर्ची आपल्याच भागातला, तो आम्हा चौघांना एक रिकामी केबिन देणार होता. जाऊन येऊन सुट्टीचे दोन दिवस. दुबईत आल्यापासून मी देरा सोडून कुठे गेले नव्हते, अब्रात, म्हणजे तिथल्या छोट्या होडीत, बसून खाडी ओलांडली तेवढाच माझा प्रवास. भाभी तर इतकी हरखली की तिने नवी सलवार शिवायला घेतली. मला म्हणाली, तू पण जरा हस, दोन दिवस पोरीला विसर. मी म्हटलं, विसरेन, बर्फ खाताना विसरेन.

संध्याकाळी गच्चीवर चटई टाकून बसायचं आणि बेत पुढे सरकवायचा. नवऱ्याने खजुराच्या बिया घेऊन चटईवर रस्ता मांडला. एक बी म्हणजे देरा. मग खाडी ओलांडून किनाऱ्याकिनाऱ्याने. आज जिथे अल क्वोजची गोदामं आणि अल बर्शाच्या इमारती आहेत तिथे तेव्हा नुसती वाळू होती आणि पुढे खारट दलदल. ती ओलांडताना गाडी थांबवायची नाही, चाकांतली हवा आधीच कमी करून घ्यायची, असं तो भाभीच्या नवऱ्याला समजावत होता. नेहमी त्याच रस्त्याने गाडी नेणारा ड्रायव्हर गुमान ऐकत होता. मला नवऱ्याचं कौतुक वाटलं. केवढी माहिती जमवली माझ्यासाठी, असं वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या संध्याकाळी मला तो लग्नाच्या वेळी आवडला होता तसा आवडला.

जेवणाचं माझ्याकडे होतं. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, उकडलेली अंडी. भाभी म्हणाली, गुरुवारी मालक लवकर सोडत नाहीत, रात्री अंधारात वाळूत कुठे फसायचं, त्यापेक्षा शुक्रवारी सकाळी उजेडात निघू.

इथे थोडं सांगायला हवं. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे. आमच्या मजहबात शुक्रवारची पहाट झाली की जुम्म्याची नमाज चुकेल अशा प्रवासाला निघायचं नाही. आणि त्या नमाजेला त्याच वस्तीत राहणारे चाळीस पुरुष लागतात. एकोणचाळीस असले तर जुम्मा होत नाही, रोजची दुपारची जोहर पढायची आणि घरी यायचं. आमच्या गावात तर शुक्रवार म्हणजे माझ्या सासऱ्यांची धावपळ. निम्मे पुरुष बोटींवर, निम्मे मुंबईला नाहीतर आफ्रिकेला. सासरे मशिदीच्या पायरीवर उभे राहून डोकी मोजायचे आणि कमी पडली तर वाडीत निरोप धाडायचे. गावात कुणाचा मुलगा सुट्टीवर आला की त्याच्या आईच्या आधी माझे सासरे खूश व्हायचे.

म्हणून भाभी शुक्रवारचं बोलली तसा नवरा पटकन म्हणाला, “शुक्रवार नको. गुरुवारीच निघायचं. तिथे जुम्म्याचा भरवसा नाही. मागच्या खेपेला छत्तीस-सदतीसवर येऊन अडलं, मग जोहर पढलो आम्ही.”

तो बोलून गेला आणि बिया सरळ करत बसला. आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्याच्या दृष्टीने ते नमाजेचं बोलणं होतं, आणि नमाजेच्या बाबतीत तो कधीच खोटं बोलत नसे. भाभीचा नवरा उठला आणि गच्चीच्या कठड्याशी जाऊन सिगारेट पेटवायला लागला. भाभीने सुईत दोरा ओवायला घेतला, उजेड नसताना. तेव्हा मला कळलं की या दोघांना ठाऊक होतं. पडद्याच्या एका बाजूला ठाऊक होतं आणि दुसऱ्या बाजूला मी भाकऱ्यांचं पीठ मळत होते.

माझ्या डोक्यात सगळे गुरुवार एकामागून एक यायला लागले. तो बोटीवर ड्यूटी सांगून गेला ते सगळे. ती धूळ. त्या लाल डोळ्यांना मी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. राग इतका आला होता की बियांचा तो रस्ता पायाने उधळावा असं वाटलं. मी बिया गोळा केल्या आणि खाली गेले.

तो मागून आला. दिवा लावलेला होता. पडद्यापलीकडची दोघं अजून वरच होती, बहुधा मुद्दाम.

मी विचारलं, “मागची खेप कुठली?”

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खरं सांगितलं. एकदा भाभीच्या नवऱ्याबरोबर गंमत म्हणून गेला होता. पहिल्याच रात्री जिंकला. त्या जिंकलेल्यात खोली येईल असं त्याला वाटलं, म्हणून परत गेला. आणि मग जाऊ लागला. खोलीसाठी बाजूला टाकलेलं सगळं तिथे गेलं होतं. पण आता मला बरोबर नेलं की हे लपवाछपवीचं खलास होईल, मी पण बघेन, तिथे आपलीच साधी माणसं असतात, असं तो म्हणाला. मला तिथे नेऊन त्याला ती जागा घरातली करून घ्यायची होती. माझ्या भाकऱ्या त्या हॉलमध्ये नेऊन ठेवल्या की तो जुगार उरणार नव्हता, सहल होणार होती.

“पोरीसाठीच खेळतो,” तो म्हणाला. “एकदा लागलं की बस. इन्शाल्ला पुढच्याच बोटीने तिला आणू.”

“त्यात अल्लाचं नाव घेऊ नका,” मी म्हटलं. “आणि पोरीचंही नको.”

मग मी रडले, खूप रडले. तोही रडला. शपथ घेतो म्हणाला, मी घेऊ दिली नाही. शपथ मोडली असती तर आणखी एक ओझं, आणि त्याची शपथ मोडणार हे मला दिसत होतं. मी एवढंच म्हटलं की मला परतीच्या बोटीत बसवून द्या, मी माझ्या मुलीकडे जाते. तो मान खाली घालून हो म्हणाला. मला वाटलं होतं तो नको म्हणेल.

भाभीने सहलीला जायचं रद्द केलं. ती सलवार तिने मला दिली. मी घेतली नाही, मग घेतली. तिच्यावर राग होताच, पण दोन वर्षं मी तापात पडले की तिनेच पेज करून दिली होती. तिचा नवरा माझ्या समोर यायचंच टाळू लागला. जिन्यात पावलं ऐकू आली की तो माझ्या जाण्याची वाट पाहत वरच थांबायचा.

बोट यायला अजून आठवडाभर होता. त्यात तो गुरुवार आला. नवरा दुपारी घरी आला, जेवला, आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले. बोटीवर जातो असं या वेळी म्हणाला नाही. मला काही हवं का म्हणून विचारलं. मी भाकऱ्या थापत होते, मान वर केली नाही. खाली लँड रोव्हर उभी होती. शुक्रवार लागायच्या आत त्याला निघायचं होतं, जुम्म्याचा गुन्हा लागू नये म्हणून. मी त्या गाडीचा आवाज खाडीपर्यंत जाईतो ऐकला. दोन वर्षांत मला एवढी चीड कधी आली नव्हती. जुगार खेळणाऱ्या माणसावर मी रागावले असते आणि कदाचित माफही केलं असतं. हा माणूस पंचांग बघितल्यासारखा दिवस बघून जुगाराला जात होता.

शनिवारी सकाळी तो आला. अंगावर धूळ. मी पाणी तापवून दिलं. पुढच्या आठवड्यात त्याने मला पडावातून बोटीपर्यंत पोचवलं, दोरीची शिडी चढताना माझी ट्रंक स्वतः धरली. पोरीसाठी त्याने बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा दिला होता. त्यावर बर्फाचे डोंगर छापलेले होते.

मुंबई, मग किनाऱ्याची आगबोट, मग होडी. मुलगी मोठी झाली होती, दातांत फट पडली होती. तिने मला ओळखलं की नाही हे मला आजही सांगता येणार नाही, पण सासूबाईंनी पुढे ढकलल्यावर ती आली आणि माझ्या मांडीवर अवघडून बसली. डबा घेतला. अब्बा कुठे, असं तिने विचारलं नाही. सासरे थकले होते. मुलाची चौकशी करताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तिथे जुम्मा मिळतो ना त्याला? मी म्हटलं, मिळतो. दुसरं काय सांगणार होते.

शुक्रवार आला. सासरे काठी टेकत मशिदीत गेले आणि मुलगी त्यांच्या मागे पायरीपर्यंत गेली. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. सगळे आत गेल्यावर ती पळत परत आली, दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, “आज पण एकोणचाळीसच आले. आजा म्हणतात एक माणूस कमी पडतो. आजा म्हणतात तो आपला अब्बाच.”

मी चुलीकडे तोंड केलं.

“अब्बाला सांगितलं नाहीस का तू?” ती म्हणाली. “त्याला माहीत नसेल.”

मशिदीत जोहर सुरू झाली होती. मी तिला म्हटलं, माहीत आहे बाळा, त्याला सगळं माहीत आहे. ती पुन्हा पायरीवर जाऊन उभी राहिली, कोणी उशिरा येतंय का ते बघायला.