पाहुण्यानं बादली धरली

आमच्या चर्चला सत्काराचा आजार आहे. हे मी कुणाच्या पाठीमागं बोलत नाही, पाळकसाहेबांच्या तोंडावर बोललेली आहे. कुणाचा पोरगा दहावी पास झाला, आण शाल. कुणी रिटायर झालं, आण शाल. गेल्या नाताळात बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्याचा सत्कार झाला, आणि पेटी अजून दुरुस्त व्हायची होती! तेव्हा परदेशातून चार जण दोन आठवडे आपल्याकडं सेवा करायला येणार, असं पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केलं, तसा मी कपाळाला हातच लावला. त्यांना यायचं होतं काम करायला. आणि आमची माणसं पाहुण्याला पाण्याचा पेलासुद्धा त्याच्या हातानं उचलू देत नाहीत.

मी इंग्रजी शाळेत शिकवते, म्हणून दुभाषी मी. मुकुंदवाडीतल्या आमच्या घराला वर एक सुटी खोली आहे, म्हणून एक पाहुणाही आमच्याकडंच. तिघं तरुण पाळकसाहेबांच्या घरी उतरले आणि आमच्या वाट्याला आले सत्तरीचे एक आजोबा. उंच, हाडकुळे, अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यात जन्मभर शाळेची बस चालवलेले. त्यांचं नाव काही सासूबाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी त्यांचं 'भाऊ' करून टाकलं. भाऊंनाही ते आवडलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून ते हाकेला ओ द्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ लवकर खाली आले आणि दाराशी पडलेला झाडू घेऊन अंगण झाडायला लागले. सासूबाई आतून धावत आल्या.

"अगं बाई बाई! पाहुण्याच्या हातात झाडू! गल्ली काय म्हणंल आपल्याला?"

झाडू हिसकावून घेतला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. नाश्त्यानंतर भाऊ आपली बशी विसळायला मोरीकडं निघाले, तर सासूबाई आधीच आडव्या. तिसऱ्या दिवशी घासणी लपवलेली. चौथ्या दिवशी मला भांडी घासायची होती तर मलाच घासणी सापडेना, एवढी लपवलेली. भाऊ बिचारे खुर्चीवर. हातात चहाचा कप, तोही सासूबाईंच्या कपाटातल्या सोनेरी काठाच्या सेटातला, जो माझ्या लग्नानंतर एकदाही बाहेर निघाला नव्हता.

आणि सत्कार तर सुरूच. रविवारी चर्चमध्ये, सोमवारी तरुण संघाचा, मंगळवारी चिकलठाण्याला कुणाच्या तरी घरभरणीला गेलो तर तिथंही. यजमानांचं नवीन घर, सत्कार मात्र भाऊंचा. घरात नारळांचा ढीग लागला. आम्ही चटणी केली, वड्या केल्या, शेजारी वाटले, तरी नारळ आपले येतच होते. फोटो काढायला तर चढाओढ. प्रत्येक फोटोत भाऊ खांद्यावर शाल घेऊन, गळ्यात हार घालून, परीक्षेत एकही उत्तर न आल्यासारखं तोंड करून उभे.

मी पाळकसाहेबांना गाठलं. म्हटलं, "साहेब, हे लोक काम करायला आलेत. काहीतरी काम द्या, नाहीतर मी दुभाषीपण सोडते."

पाळकसाहेब हसले. "काळजी करू नका बाई. वैजापूरच्या पुढं एका वस्तीवर आपलं छोटं चर्च आहे. भिंतींचं पार वाटोळं झालंय. गुरुवारी चौघांना घेऊन जाऊ, दिवसभर रंगवू द्या."

गुरुवारी भाऊंचा उत्साह काय सांगू! जुनी पँट, डोक्याला फडकं, पहाटेपासून तयार. गाडीत ब्रश, रंगाचे डबे, पत्र्याची शिडी. रस्ताभर ते तिघा तरुणांना रंग कसा मारायचा ते सांगत होते, आधी घासायचं, मग एक हात, तो वाळला की दुसरा.

वस्तीवर पोचलो. चर्च समोर उभं. पांढरंशुभ्र! खाली गेरूचा पट्टा, दारावर पताका. ओल्या रंगाचा वास अजून येत होता.

मंडळीतले एक वडीलधारे पुढं आले, सलाम करून म्हणाले, "या बाई या. काल समद्यांनी मिळून रंगवून घेतलं. पाहुणे येणार अन् भिंती तशाच? लई लाज वाटली असती."

"अहो काका, पण पाहुणे रंगवायलाच आलेत ना!"

"व्हय, पाळकसाहेब बोलले तसं. पण ते कसं रंगवतील? पाहुणे हायेत ते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करते काय? त्यांच्या तोंडावर इतकं कौतुक होतं की भांडायला जागाच नव्हती. बायांनी पहाटे उठून मटण रांधलेलं. पोरांना न्हाऊमाखू घालून रांगेत उभं केलेलं. आणि अर्थातच शाली. ब्रश गाडीतून खालीसुद्धा उतरले नाहीत.

परतताना भाऊ सारखे मागं वळून न उघडलेल्या रंगाच्या डब्यांकडं बघत होते. मी म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका, आमच्याकडं अशीच पद्धत आहे. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावातल्या चर्चच्या लहान मुलांनी, रविवारच्या शाळेतल्या, घरोघरी केक विकून त्यांचं तिकीट काढलं होतं. आजोबांना लांबच्या देशात सेवा करायला पाठवायचं, असं पोरांनीच ठरवलेलं. आता परत गेल्यावर पहिल्या रविवारी भाऊंनी त्या मुलांसमोर उभं राहून सांगायचं होतं, मी तिथं काय केलं.

"काय सांगू त्यांना?" भाऊ म्हणाले. "बसलो, असं सांगू? जेवलो आणि बसलो?"

हसतच म्हणाले, पण डोळे भरले होते. "मी त्या मुलांची बस चालवलीय. त्यांच्याशी मला खोटं बोलता येणार नाही."

मला फार वाईट वाटलं हो. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ऐकतील त्या सासूबाई कसल्या!

"मग काय पाहुण्याकडून धुणं धुवून घेऊ? जमायचं नाय मला. तू त्याला सांग, आराम कर म्हणावं. म्हातारा माणूस आहे."

"आई, तुम्ही त्यांच्याच वयाच्या आहात."

"मी काय पाहुणी आहे का?" विषय संपला.

दुसरा आठवडा निम्मा सरला. एका सकाळी महिला मंडळ आमच्याच घरी येणार होतं, भाऊंचा सत्कार करायला. अंगणात खुर्च्या मांडल्या. भाऊ मधल्या खुर्चीत, स्वच्छ शर्ट, मान खाली. मंडळाच्या अध्यक्षबाई हातात नारळ घेऊन उभ्या, आणि त्यांचं भाषण 'मला दोन शब्द बोलायचे आहेत' इथपर्यंत आलं होतं. त्या असं म्हणाल्या की माणसानं अर्धा तास धरून चालावं.

आणि गल्लीच्या टोकावरून आरोळी आली, "पानी आया रे! पानी आया!"

आता आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि कधी येईल ते कुणाला विचारायचं नसतं. आलं की हातातलं टाकायचं आणि पळायचं. तासभर असतं, की गेलं. मोटर लावली की गच्चीवरची टाकी भरते. पण त्या सकाळी वीज नव्हती. म्हणजे नळाखाली बादली लावायची आणि एकेक बादली जिन्यानं गच्चीवर न्यायची. आमचे हे कंपनीत. घरात माणसं दोन, एक मी आणि एक सासूबाई.

महिला मंडळ क्षणात गायब झालं. प्रत्येकीला आपापला नळ होता. अध्यक्षबाई तर नारळ घेऊनच पळाल्या. रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध भाऊ एकटे बसलेले, काय झालं ते कळेना, आग लागली की काय म्हणून इकडंतिकडं बघतायत.

सासूबाईंनी पदर खोचला, पहिली बादली भरली, उचलली, आणि त्यांची नजर भाऊंवर गेली. धडधाकट माणूस, लांब हात, आणि खुर्चीत!

"अरे बघत काय बसलास भाऊ? ऊठ! धर की ही बादली! पाणी जाईल!"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर भाऊ उठून बादली घेऊन जिना चढत होते.

मग जे सुरू झालं ते काय वर्णावं! मी नळाशी, भाऊ जिन्यात, सासूबाई गच्चीवर टाकीशी उभ्या राहून हुकूम सोडतायत. "एक एक काय आणतोस, दोन्ही हातात घे!" भाऊंनी दोन्ही हातात घेतल्या. "सांडू नको रे, सोनं आहे ते!" भाऊ खालून "ओ!" म्हणायचे आणि अजून जपून चढायचे. आमची टाकी भरली, तशी बादली खाली ठेवतील तर ते भाऊ कसले. शेजारच्या घरी बाळंतीण होती, तिच्याकडं शिरले. तिच्या आईनं 'नको नको साहेब' म्हणायला सुरुवात केली, तर आमच्या गच्चीवरून सासूबाई ओरडल्या, "भरू दे गं त्याला! आमचाच आहे!"

पाणी गेलं तेव्हा भाऊ आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. चिंब भिजलेले, शर्टाचं वाटोळं, तळहात लाल, आणि चेहरा असा उजळलेला की बघत राहावं. सासूबाईंनी चहा आणून दिला. रोजच्या स्टीलच्या पेल्यात, आम्ही पितो तसाच, भरपूर साखर घालून. सोनेरी काठाचा सेट त्या दिवशी कपाटात गेला तो पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊंनी अंगण झाडलं, तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांना लसूण सोलायला बसवलं, आणि नीट सोलत नाहीत म्हणून ओरडल्यासुद्धा.

पाहुणे गेले. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, आमची रात्रीच्या जेवणाची वेळ आणि त्यांची सकाळ, भाऊंचा व्हिडिओ कॉल आला. चर्चचा हॉल दिसत होता आणि जमिनीवर बसलेली पंचवीसतीस पोरं. भाऊंचा आवाज जरा पडलेला होता. पाण्याची गोष्ट त्यांनी मुलांना सांगितली होती. पण आमच्या पाळकसाहेबांनी त्याआधीच कौतुकानं सगळे फोटो पाठवून दिलेले. आणि फोटोत काय? हार, शाल, खुर्ची. हार, शाल, खुर्ची. पाणी आलं त्या दिवशी कुणाचा हात रिकामा होता फोटो काढायला? पोरं कुजबुजत होती. पुढच्या रांगेत एक चष्मेवाली चिमुरडी बसली होती, तिनं उभं राहून सरळच विचारलं, "आजोबांनी खरंच काम केलं? का नुसते खुर्चीत बसले?"

भाऊ खाली बघत होते. मी उत्तर द्यायला निघाले, पण सासूबाईंनी आधी "काय म्हणतीय पोरगी?" म्हणून मला अर्थ सांगायला लावला. तो ऐकला आणि त्यांनी माझ्या हातातला फोनच ओढून घेतला.

"खोटं बोलंल का तो?" आधी त्या चिडल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सांग तिला. परवा पाणी आलं. मी जिन्याखाली उभी राहून वरच्या खोलीकडं हाक मारली, भाऊ, पाणी आलं, उतर खाली. दोनदा मारली. मग ध्यानात आलं, तो गेला की आपल्या गावाला. लई वाईट वाटलं."

मी शब्दन्‌शब्द इंग्रजीत सांगितलं.

त्या चिमुरडीनं ते नीट ऐकून घेतलं. मग कमरेवर हात ठेवून भाऊंकडं वळली आणि त्यांना म्हणाली,

"मग तुम्ही इथं काय करताय?"