जामीनमावशी आणि दोन दिवस आधी आलेला फरार

यंदा, म्हणजे १९८६ साली, शिमग्यानंतरच्या दशमीला दहिसरच्या चाळीतल्या दत्तारामला कोर्टाने फरार ठरवलं. वॉरंट निघालं त्या वेळी तो वर्सोव्याच्या एका होडीवर भर समुद्रात जाळं ओढत होता. हा अन्याय आहे. तो कसा झाला हे सांगायचं तर आधी त्याला जामीन राहिलेल्या बाईची ओळख करून द्यायला हवी, कारण ती आता स्वतः येऊन सांगू शकत नाही.

वर्सोव्याचा सगळा कोळीवाडा तिला जामीनमावशी म्हणायचा, अर्धा कौतुकाने, अर्धा टोमणा मारत. सकाळी अंधेरीच्या बिल्डिंगींमधून मासळी विकायची आणि रिकामी पाटी घेऊन तशीच कोर्टात यायची. ती बाकावर बसली की शेजारची इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं सरकत सरकत उठून जात. "बघ पोरी," ती मला म्हणाली होती, "वकिलाला टेकायला जागा नाय, आन् मना कशी ऐसपैस हाय."

ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पकडलेल्या माणसाला कोर्ट जामिनावर सोडायला तयार असतं, पण त्याची हमी घेणारा कुणीतरी रेशनकार्ड घेऊन उभा राहावा लागतो. त्या कार्डावर शिक्का बसतो, आणि खटला संपेपर्यंत ते कार्ड दुसऱ्या कुणासाठी चालत नाही. ज्याला असा कुणी नाही तो गुन्हा शाबीत न होताच आत सडतो. कैद्यांच्या हक्कांसाठीची आमची समिती म्हणजे पाच जण आणि पत्रकं काढायचं एक सायक्लोस्टाइलचं यंत्र. चौघांच्या कार्डांवर शिक्के बसलेले. माझं नाव वडिलांच्या कार्डावर, आणि ते कार्ड वडिलांनी लोखंडी कपाटात ठेवून चावी जानव्याला बांधली आहे. मावशीचं कार्ड मात्र एकाचा खटला संपला की दुसऱ्यासाठी तयार असायचं.

असं का करतेस, विचारलं तर ती एवढंच सांगायची की, तिच्या नवऱ्याला एकदा मारामारीत धरून नेलं होतं, तेव्हा ओळख ना पाळख असा एक शिंपी जामीन राहिला होता. त्याचं नावसुद्धा विचारायचं राहून गेलं. आता त्याला कुठे शोधणार?

कोठडीच्या गजांपाशी गेली की ती एकच प्रश्न विचारायची. केलंस की नाही, हा प्रश्न तिने कधी विचारला नाही. तो तिच्या मते न्यायाधीशाचा पगारी प्रश्न होता. ती विचारायची, "सुटल्यावर जेवशील कुठं?" दत्तारामला अशी जागाच उरली नव्हती. कारखान्यातलं पितळ चोरल्याचा त्याच्यावर संशय होता. नोकरी गेली होती, आणि भावाने निरोप धाडला होता की चाळीत तोंड दाखवू नकोस. मावशीने त्याला जामिनावर सोडवलं आणि घरी नेलं.

तिथे तिची दुसरी पद्धत. सुटून आलेल्याला ती घरात ठेवायची नाही. जाळी सांधायला बायका-पुरुष बसतात त्या मोकळ्या जागेत, सगळ्यांच्या मधोमध बसवायची. दत्तारामला सुई धरता येत नव्हती. बायका हसल्या. एकजण म्हणाली, "मावशे, ह्याच्या गाठींतून देवमासा जाईल गो." मावशीने त्यांना हसू दिलं. तिचं म्हणणं, लपवलेला माणूस चोर दिसतो, आणि ज्याला चारचौघी हसतात तो आपला होतो. महिन्याभरात एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, आपणहून त्याला होडीवर घेतलं.

आमच्या पत्रकांवर मात्र तिचा विश्वास नव्हता. मी कोर्टाच्या फाटकाशी, आत नेल्या जाणाऱ्या कैद्यांना त्यांच्या हक्कांचं पत्रक वाटत होते, तर म्हणाली, "ह्यांना कशाला देतेस? आतल्याला वाचून काय करायचाय? तो आतच हाय. बाहेरच्यांना दे."

आता ज्या चुकीमुळे तो फरार ठरला ती चूक. कोळीवाड्यात दिवस तिथीने मोजतात, कारण भरती तिथीने येते. अष्टमीच्या सुमारास पाण्याला ओढ नसते, त्याला भांग म्हणतात, आणि तेव्हा होड्या किनाऱ्याला असतात. दत्तारामची आधीची तारीख अष्टमीला पडली होती. कारकुनाने पुढच्या महिन्याची तीच तारीख दिली. मावशीने, तांडेलाने, सगळ्यांनी हिशोब केला: पुढची अष्टमी. होडी किनाऱ्यालाच असणार, काळजी नाही. पण चंद्राचा महिना इंग्रजी महिन्यापेक्षा लहान. अष्टमी दोन दिवस आधी आली. मावशी आणि दत्ताराम त्या दिवशी कोर्टात गेली, दिवसभर बसली. संध्याकाळी शिपायाने सांगितलं, तुमचं नाव आज नाही. कोर्टात असं नेहमीच होतं. त्यांना वाटलं, पुढे ढकललं. भांग सरली, होडी निघाली, आणि दशमीला कोर्टात दत्तारामच्या नावाचा पुकारा झाला.

होडी परतली तेव्हा पोलीस धक्क्यावर उभे होते. ज्या बायकांनी त्याला हसून आपला केला होता त्यांच्यासमोर त्याला नेलं.

मावशीला नोटीस आली. न्यायाधीशसाहेबांनी तिला विचारलं, तुमचा माणूस पळून कसा गेला? ती पाटी खाली ठेवून म्हणाली, "साहेब, तो पलाला नाय. दोन दिस आधी आयलेला. पलनारा मानूस आधी येतंय काय?"

कोर्ट हसलं. साहेबही हसले. वॉरंट रद्द केलं, मावशीला दंड केला नाही. पण हुकूम झाला की या बाईंचा जामीन यापुढे चालणार नाही, आरोपीने नवा जामीन आणावा. तोवर तो आत.

मग मावशी नवा जामीन शोधायला लागली. कोळीवाड्यात कुणी पोलिसांना धक्क्यावर पुन्हा बोलवायला तयार नव्हतं. ती आपल्या गिऱ्हाइकांकडे गेली. ज्या घरांत तिने वर्षानुवर्षं मासळी दिली, जिथे बायका डोळे मिटून "तूच निवडून दे" म्हणतात, त्या घरांत. एकीने पापलेटं घेतली आणि म्हणाली, "तुझ्यासाठी कार्ड दिलं असतं गं, पण असल्या माणसासाठी आमच्या ह्यांना नाही चालायचं." मावशीने मला हे सांगितलं तेव्हा तिला राग आला नव्हता. राग मला आला. ती म्हणाली, "उद्या दुसऱ्या जिन्याने जाते."

ते जिने चढता चढता पावसाळ्यात तिला कावीळ झाली. गणपतीच्या आधी ती गेली. शेवटच्या भेटीत तिने विचारलं, मिळाला का कुणी. मी नाही म्हटलं. ती भिंतीकडे वळून पडून राहिली.

दत्ताराम आजही आत आहे. पितळ चोरल्याचं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. मावशी गेल्याचं मी त्याला गजांमधून सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोटांनी हवेत गाठ मारत होता.

हे तुम्ही वाचताय, म्हणजे तुम्ही बाहेर आहात. तुमच्या कपाटात कोरं, बिनशिक्क्याचं रेशनकार्ड आहे. या सोमवारी सकाळी ते घेऊन कोर्टात या. मी फाटकाशी उभी असेन. बाकावर मावशीची जागा रिकामी आहे. तिथे बसा, आणि पुकारा झाला की उभे राहा.