टकटक मिस्त्री

कोणत्याही गाडीचे बॉनेट उघडण्याआधी मिस्त्री त्यावर बोटांच्या पेरांनी तीनदा टकटक करीत आणि थांबत. गिऱ्हाईक घाईत असले तर जरा जास्तच थांबत. "आतल्याला उटाया येळ द्यावा लागतो," असे त्यांचे म्हणणे. एका पावसाळ्यात बॉनेट उघडताच इंजिनावर ऊब घेत पडलेली धामण त्यांच्या हातावरून उतरून गेली होती, तेव्हापासूनची ही रीत. धामण बिनविषारी असते, हे मी त्यांना एकदा सांगितले. ते म्हणाले, "व्हय, पण तिला कुटं ठावं हुतं मी कसा हाय त्ये?"

पौडवरून मुळशी धरणाकडे जाताना रस्त्याला लागूनच त्यांची पत्र्याची शेड होती. आमच्या भागात शनिवार-रविवारपुरते येणाऱ्यांचे बंगले पुष्कळ. त्या बंगल्यांत एखादी जादा गाडी महिनोन्‌महिने उभी असते आणि मालक आला की नेमकी चालू होत नाही. मिस्त्रींचा सगळा संसार या न चालणाऱ्या गाड्यांवर चालला होता. शेडच्या मागच्या फळीवर कॉफीच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असत आणि प्रत्येकीत एकेका गाडीतून निघालेला मुद्देमाल असे. कुंभारमाशीने नळीत लिंपलेले मातीचे घर, हॉर्नमध्ये ठासून भरलेल्या मुंग्या, उंदराने कुरतडलेली वायर. बाटलीवर चिठ्ठी: 'लाल गाडी, डॉक्टरीणबाई, पाल.' मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केले. इतकी नेटकी नोंद आमच्या दुर्मीळ पुस्तकांच्या कपाटातही नव्हती.

शहरातली माणसे हातातला मोबाइल पुढे करून सांगत, की कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावला होता, त्याने अमुक पार्ट बदलायला सांगितला आहे. मिस्त्री आदराने ऐकून घेत. मग म्हणत, "काम्प्युटर सांगतो कुटं दुखतंय. कोण चावलंय ते न्हाई सांगत." आणि टकटक करायला जात.

त्यांचा सगळ्यात आवडता आरोपी म्हणजे कोळी. पिवळसर, नखाएवढा. पेट्रोलच्या वासाला हा कोळी भुलतो आणि टाकीत हवा जाण्यासाठी जी बारीक नळी असते तिच्यात जाळे विणून बसतो. नळी बुजली, की पेट्रोल संपत जाते तशी टाकी आतल्या आत आवळत जाते, आणि तासाभराने गाडी धापा टाकून बंद पडते. टाकीचे झाकण उघडले, की 'फुस्स' असा आवाज येतो; हवा आत गेली, की गाडी पुन्हा मुकाट्याने चालू लागते. हे ज्ञान मिस्त्रींनी कोणत्याही पुस्तकातून घेतले नव्हते. मी नंतर पुस्तकांत शोधले, तेव्हा ते बरोबर निघाले. तसे त्यांना सांगितल्यावर त्यांनी पुस्तकाला शाबासकी दिली.

ताम्हिणीच्या वाटेवर एका वळणाशी शेंदूर लावलेला एक दगड आहे. पुण्याहून निघालेल्या, कोळी बसलेल्या गाड्या साधारण तिथवर येऊन बंद पडत. लोक घाबरून खाली उतरत, कोणीतरी नारळ आणायला पिटाळले जाई, नारळ फुटेपर्यंत टाकीत थोडी थोडी हवा शिरलेली असे, आणि गाडी चालू होई. देव जागृत असल्याची ख्याती पार हिंजवडीपर्यंत पोचली. मिस्त्री प्रत्येकाला समजावीत, "देव हाय त्याच्या जागंवर. पर तुमच्या टाकीत कोळी हाय." लोक मान डोलावीत, नळी साफ करून घेत आणि पुढच्या खेपेला नारळ घरूनच घेऊन येत.

मी त्यांच्याकडे प्रथम गेलो तो पत्नी गेल्यानंतर सात महिन्यांनी. गाडी तिची होती. मला चालवता येत होती, एवढेच. ती गेल्यावर मी गाडीवर चांगल्यापैकी कव्हर घातले, चारी बाजूंनी दोऱ्या बांधल्या आणि आपण ती जपतो आहोत अशा समजुतीत राहिलो. एक दिवस चालू करून पाहिली, तर नुसती घरघर. मिस्त्री घरी आले. कव्हर काढले, टकटक केली, थांबले. मग एअर फिल्टरचा डबा उघडून बराच वेळ आत बघत राहिले.

"सर, बाईंची निळी शाल हुती का कुठली?"

मागच्या सीटवर तिची शाल होती. मी ती हलवली नव्हती. उंदरांनी ती कातरून, पिंजून, फिल्टरच्या डब्यात वाटीएवढे मऊ घरटे केले होते. मिस्त्रींनी ते न विस्कटता दोन्ही हातांनी उचलले आणि मला म्हणाले, "ह्ये बाटलीत न्हाई घालत. तुमी ठिवा." थोड्या वेळाने, हात पुसताना, जरा रागावूनच म्हणाले, "दोऱ्या बांधून गाडी ऱ्हाती का? उबी केली की कोण तरी ऱ्हायला येणारच. उंदराची काय चूक न्हाई ह्यात."

त्यानंतर त्यांनी मला शिक्षा ठोठावली. दर शनिवारी गाडी काढायची, त्यांच्या शेडपर्यंत आणायची, चहा प्यायचा, परत न्यायची. मी तीन वर्षे ही शिक्षा भोगली. एखाद्या शनिवारी गेलो नाही, तर रविवारी सकाळी फोन येई, "सर, गाडी बरी हाय न्हवं?" माझी चौकशी त्यांनी कधीच केली नाही, गाडीचीच केली. त्यांनी मला ब्रेकच्या केबलमधली एक बारीक तार कापून दिली, टोकाला कापूस गुंडाळून. "नळीत घालायची, फिरवायची, हळू वढायची. कोळी मारायचा न्हाई."

ते स्वतःही कधी मारत नसत. काड्यापेटीत धरून शेडमागच्या करवंदीच्या जाळीत सोडून येत. ही जाळी दुरुस्तीला आलेल्या गाड्यांपासून दहा पावलांवर होती. मी एकदा म्हटले, "मिस्त्री, हा परत येईल."

"यील की," ते म्हणाले. "मग तुमी बी याल."

त्यांचे निदान नेहमीच बरोबर येई असे नाही. एका वकिलांच्या गाडीत पाल आहे असे ठासून सांगून त्यांनी अर्धा दिवस गाडी खोलली, आणि शेवटी पेट्रोल संपलेले निघाले. मिस्त्रींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "त्ये बी कारण असू शकतं." मात्र कोणत्याही इंजिनाची बदललेली धाप रस्त्यावरून ओळखणारा हा माणूस स्वतःच्या छातीतल्या कळेला महिनाभर ॲसिडिटी म्हणत राहिला. तिथे टकटक करायला त्यांनी कोणाला दिले नाही. एका गुरुवारी ते गेले. शनिवारी मी नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेलो, तेव्हा शेड बंद होती आणि शेजारच्या चहावाल्याने सांगितले.

पुण्याला असलेली माझी मुलगी बरेच दिवस गाडी विकायच्या मागे होती. तिचे म्हणणे खोटे नव्हते. मला दिसते कमी, जायचे कुठे नसते, आणि आता तर शनिवारचे ठिकाणही उरले नव्हते. मी हो म्हणालो. रविवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होते. त्याआधी मिस्त्रींचा दहावा होता, ताम्हिणीच्या बाजूला त्यांच्या गावी, ओढ्यावर. शेवटची फेरी म्हणून मी गाडी काढली.

पौडला पेट्रोल भरताना पंपाची नळी सारखी आपोआप बंद पडत होती. पंपावरचा माणूस म्हणाला, "काका, टाकी फुल दिसतीया." काटा पाववर होता. तीन वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्याला हे लक्षण कळायला हवे होते. मला कळले नाही. शेंदराच्या दगडाजवळ गाडी धापा टाकून थांबली.

तिथे आता एक बाई नारळाची पाटी घेऊन बसतात. त्यांनी मला पाहून नारळ उचललासुद्धा. मी टाकीचे झाकण उघडले. फुस्स.

"मिस्त्रीचं गिऱ्हाईक दिसताय," बाई म्हणाल्या.

"तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"म्हंजी? दर अमुशाला नारळ न्यायचा की माझ्याकडनं. हितंच फोडायचा. म्हनायचा, निम्मं गिऱ्हाईक ह्या देवानं धाडलंय."

तीन वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती. मी गाडीतून तार काढली, मागच्या चाकाशी वाकलो, आणि नळीत हात घालण्याआधी पत्र्यावर तीनदा टकटक करून थांबलो. बाईंना त्यात काही नवल वाटले नाही. तार फिरवून हळू ओढली. पांढऱ्या जाळ्याचा एक बोळा आला आणि मागोमाग तो, पिवळसर, नखाएवढा. बाईंनी उदबत्तीजवळची काड्यापेटी रिकामी करून पुढे केली.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, ते लोक विचारतायत, गाडी चालू स्थितीत आहे ना?"

"आत्ताच बंद पडली होती."

"अरे देवा. मग रविवारचं काय सांगू त्यांना?"

"येऊ नका म्हणून सांग."

ती म्हणाली, "बरं. शनिवारी जाणार कुठे पण तुम्ही?"

"इथपर्यंत येईन."

दहाव्याला उशीर होत होता, तरी मी एक नारळ घेतला आणि फोडला. कोळी तिथल्याच एका करवंदीच्या जाळीत सोडला. जाळी गाडीपासून जेमतेम दहा पावलांवर होती.