दाजींनी जिंकलेले तीन डाव

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना सगळे मागून ‘मिनिटबाई’ म्हणत. बाकीच्या सिस्टर पंधरा सेकंद नाडी मोजायच्या, चारने गुणायच्या आणि पुढच्या खाटेकडे सरकायच्या. मिनिटबाई पूर्ण मिनिट मोजत. मध्ये कोणी बोललं, तर पुन्हा एकपासून सुरुवात, आणि बोलणाऱ्याकडे अशी नजर, की त्याचीच नाडी वाढावी. घरीही तोच खाक्या. नवऱ्याने नुसतं ‘दमलो’ म्हटलं तरी मनगट धरायच्या. शेवटी त्याने दमणंच सोडलं.

एका रविवारी संध्याकाळी स्ट्रेचरवरून एक निवृत्त गणिताचे मास्तर आले. बरोबर त्यांची थोरली बहीण, म्हणजे अक्का, आणि अक्कांचे यजमान, चष्म्याचे दुकान चालवणारे दाजी. मास्तरांची ही सलग तिसऱ्या रविवारची फेरी होती. आधी दोनदा चक्कर, घाम, मंद नाडी, सकाळी ठणठणीत. कागदावर ‘अशक्तपणा’ लिहून घरी रवानगी. या वेळी मात्र हातपाय गार पडले होते आणि वरचं प्रेशर जेमतेम सत्तर.

मिनिटबाईंनी मनगट धरलं. मिनिट संपलं. “अडतीस.”

“सदतीस असती,” मास्तर डोळे मिटूनच पुटपुटले, “तर निदान मूळ संख्या तरी झाली असती.”

मिनिटबाई चमकल्या. इतकं प्रेशर उतरलेला माणूस विनोद करत नाही.

“प्रेशरची गोळी जास्त झाली का, मास्तर?”

“मला प्रेशर नाहीच. मी डोकेदुखीचीसुद्धा गोळी घेत नाही.”

नव्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. झटक्याची खूण नव्हती, ठोके मात्र रेंगाळत होते. रक्तातली साखर दोनशे नव्वद. “डायबेटिस निघाला वाटतं,” डॉक्टर म्हणाले.

“पंधरा दिवसांपूर्वी पंच्याण्णव होती,” मिनिटबाई जुना कागद त्यांच्या नाकासमोर धरत म्हणाल्या. “डायबेटिस असा पंधरा दिवसांत उगवत नाही.” पूर्वी हृदयाच्या वॉर्डात असताना एक विसरभोळ्या आजी आल्या होत्या. आठवड्याच्या गोळ्या एकाच दुपारी घेतलेल्या. असंच सगळं होतं: नाडी मंद, प्रेशर तळाला, साखर वर आणि बोलणं मात्र शुद्धीतलं. “यांच्या पोटात प्रेशरची गोळी आहे, डॉक्टर. मोठ्या डॉक्टरांना फोन लावा.”

डॉक्टरांनी लावला आणि त्या गोळीवर उतारा म्हणून कॅल्शियमचं इंजेक्शन भरायला घेतलं.

“घरात कोणी घेतं का असली गोळी?” मिनिटबाईंनी विचारलं.

“हे घेतात की,” अक्का म्हणाल्या.

दाजी दाराशी उभे होते. ‘हात कसे धुवावेत’ हा भिंतीवरचा तक्ता ते परीक्षेला बसल्यासारखे वाचत होते. मिनिटबाई सरळ गेल्या आणि त्यांचं मनगट धरून उभ्या राहिल्या. दाजींनी तोंड उघडलं. त्या नजरेने मिटवलं.

“एकशे बारा. नाडी मंद ठेवणारी गोळी रोज पोटात जात असेल, तर एवढी धावेल का? तुमच्या गोळ्या कुणाच्या पोटात जातायत? किती दिल्या ते आत्ता सांगा, दाजी. तिकडे तो माणूस जाईल!”

दाजींचा चेहराच उतरला. खिशातून त्यांनी गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं. “आठ. कुटून, कॉफीत. आधी दोन, मग चार.” मग रडवेल्या आवाजात, “बावीस वर्षं याच्याशी बुद्धिबळात हरतोय हो! दर रविवारी. मारायचं नव्हतं. नुसता जरा मंद व्हावा, एवढंच.”

“जिंकलात?”

“तिन्ही डाव.” त्यात पुसटसा अभिमान होता. तो मिनिटबाईंना गोळ्यांइतकाच खटकला.

“आणि मला वाटलं,” अक्का कपाळावर हात मारून म्हणाल्या, “कॉफी स्वतः नेऊन देतायत, म्हातारपणी तरी सुधारले!”

मास्तरांना आयसीयूत हलवलं. सलाईन, कॅल्शियम, प्रेशर चढवणारं औषध. तरी नाडी हलेना. मोठ्या डॉक्टरांनी इन्सुलिन चालू करायला सांगितलं, जोडीला ग्लुकोज. नवे डॉक्टर बिचकले. “साखर उतरवायला नाही,” फोनवरून आवाज आला, “हृदयाला जोर यायला. साखर मात्र सारखी तपासत राहा.” मिनिटबाई बोट टोचत राहिल्या. टोचून टोचून मास्तरांच्या बोटांची चाळणी झाली, तेव्हा कुठे प्रेशर शंभरावर आलं. मग त्या चादरींच्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि गठ्ठ्यावर बसल्या. आपलं चुकलं असतं, तर एका भल्या माणसावर भलतंच बालंट आलं असतं, हे त्यांना आत्ता सुचत होतं.

तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. मास्तर उशीला टेकून बसले होते.

“तक्रार दोन कलमी आहे,” ते म्हणाले. “एक, विषप्रयोग. दोन, ते तिन्ही डाव बाद धरावेत.”

“दुसरं कुठल्या कायद्यात बसवू?” हवालदारांनी पेन थांबवून विचारलं.

“ते तुम्ही बघा. मी पटावरची मांडणी सांगतो, लिहून घ्या.”

मास्तरांना घरी सोडलं तेव्हा दाजी कोठडीत होते. अक्का दोन बॅगा घेऊन आल्या. एक भावाच्या कपड्यांची. दुसरी बरीच जड. रिक्षात चढताना त्यांनी ती मास्तरांना उचलू दिली नाही.

“तुझ्याकडची मागची खोली रिकामी आहे ना रे?” त्यांनी विचारलं.

“पुस्तकं आहेत.”

“हलव,” अक्का म्हणाल्या आणि सरकून बसल्या.